हळदीच्या हंगामातला आलेख

चैत्र लागला की पनवेलच्या पूर्वेकडून हळदीचा आवाज येतो. नेऱ्याच्या बाजूची गावं, डोंगराच्या पायथ्याशी. तिथल्या मांडवांतले भोंगे असे दणदणतात की आमच्या तिसऱ्या मजल्यावर फळीवरची स्टीलची झाकणं हळूच किणकिणायला लागतात. करवंदं अजून हिरवी असतात. खाडीकडून येणारं वारं दुपारी मानेवर खारट बसतं. आता वरून विमानंही जायला लागली आहेत, त्यामुळे हळदीचं गाणं ऐन रंगात आलं की एक विमान त्याच्या डोक्यावरून घरघरत जातं आणि गाणं हार मानत नाही. मला हे दिवस आवडायचे. म्हणजे, अमुक एका वर्षापर्यंत आवडायचे.

यंदा भोंग्यांबरोबर दुसरंही काही परत आलं. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं, ‘पुन्हा वाढतायत म्हणे.’ काय वाढतंय ते लिहायची गरज नव्हती. खाली लगेच हात जोडलेल्यांची रांग लागली, मग हळदीच्या दुधाची कृती, मग ‘घाबरू नका पण काळजी घ्या’ अशी दोन्ही बाजूंनी पळायला वाट ठेवणारी वाक्यं. आमचे सेक्रेटरी पाटणकर, बँकेतून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून आमच्यावर तैनात असलेले, त्यांनी मला जिन्यात गाठलं.

“मॅडम, तुमचा तो ग्राफ पुन्हा सुरू करा ना.”

“कशाला?”

“लोकांना धीर येतो हो.”

धीर. बाजारात मिळणाऱ्या सगळ्या वस्तूंमध्ये हीच एक अशी, की जिच्यात काय काय घातलंय ते कोणी विचारत नाही.

मी हो म्हटलं. म्हटलं तर म्हटलं. आठवडाभर माझ्या खिडकीच्या एसीवर रोज सकाळी किती कबुतरं बसतात ते मोजलं, नीट आलेख काढला, अक्षांना नावं दिली नाहीत आणि ग्रुपवर टाकून दिला. मी फडकं आपटायला सुरुवात केली होती, त्यामुळे कबुतरं कमी होत चालली होती. दहा मिनिटांत पाटणकरांचा अंगठा आला. चारशे दोनमधल्या वहिनींनी लिहिलं, ‘छान उतरतोय, देवाची कृपा.’ एक तरुण इंजिनिअर म्हणाला की उतार समाधानकारक आहे, पण पुढच्या आठवड्यात छोटी लाट अपेक्षित आहे. त्या कबुतरांच्या लाटेची मी अजून वाट पाहते आहे.

हसायला मला काही वाटत नाही, कारण मी यांच्यातलीच आहे. ग्रुपमधल्या सगळ्यांपेक्षा मोठं गाढव मी होते, आणि माझ्याकडे तर पदवी होती.

त्या वर्षी मी तरुण होते. जेमतेम सहासष्ट. गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती आणि आठ वर्षांत कोणी मला काही विचारलं नव्हतं. अशा बाईच्या हातात महामारी पडली की काय होतं, ते पाहण्यासारखं असतं. रोज संध्याकाळी एक यादी फिरत यायची. विभागवार किती नवे, किती बरे झाले, किती गेले, किती जणांना तपासलं, किती बेड रिकामे. यादीत सगळं होतं. यादीने मला कधी फसवलं नाही, हे आधीच सांगून टाकते. फसवायला मी घरचीच होते.

मी नातीच्या कपाटातून आलेखाचे कागद काढले, स्केचपेनं काढली. वाढलेला दिवस लाल, उतरलेला हिरवा. लिफ्टच्या शेजारी नोटिसांची काच होती, तिच्यात माझा कागद लागायचा आणि लोक मास्क नाकाखाली ओढून वाचायचे. आलेखाला नाकाने वाचतात अशी त्यांची समजूत असावी. मी जिन्याच्या कठड्यावरून बघायची. कोणी ‘वा’ म्हटलं की मला दिवसभर भूक लागायची नाही. तीस वर्षं ज्या मुलांनी अक्षाला नाव दिलं नाही त्यांचा मी अर्धा गुण कापला, दोन ठिपक्यांवरून रेघ लांबवत नेली तर वहीत लाल शाईने ‘कशावरून?’ लिहिलं, आणि आता हीच बाई दोन ठिपके मिळाले की पट्टी घेऊन पुढचा आठवडा आखून मोकळी व्हायची. दर सोमवारी आकडा खाली यायचा. रविवारी तपासणारे घरी असतात, म्हणून सोमवारी यादी बारीक होते, इतकं साधं. मला मात्र दर सोमवारी वाटायचं की रोग माझा आलेख पाहून नरमला.

घरात त्या दिवसांचा वेगळाच वास होता. कोथिंबिरीची जुडी मी साबणाच्या पाण्यात बुचकळून काढायची, त्यामुळे आमटीला भांड्यांच्या साबणातल्या लिंबाचा वास यायचा आणि मी ती आनंदाने खायची. लिफ्टचं बटण दाबायला दात कोरायच्या काड्यांचा डबा ठेवला होता; वापरलेली काडी टाकायच्या डब्यातून एकजण पुन्हा काडी उचलताना मी पाहिला, तो आज ग्रुपवर आरोग्याचे सल्ले देतो. बाहेर रस्ता ओस, आणि त्या ओस रस्त्यावर कळंबोलीच्या दिशेने जाणारी रुग्णवाहिका किती लांबून ऐकू यायची. आवाज मोठा होत होत आपल्या गेटपाशी येईपर्यंत सगळी इमारत श्वास धरून बसायची, आणि तो पुढे गेला की सगळ्या स्वयंपाकघरांत एकदम भांडी वाजायला लागायची. दुसऱ्याच्या दारी गेली म्हणून झालेला तो आनंद. माझ्याही घरात भांडी वाजायचीच.

यमुना तेव्हाही भाजी घेऊन येत होती.

यमुनाबाई नेऱ्याच्या अलीकडच्या एका गावची. जमिनी गेल्या, बंगला झाला, मोठा मुलगा जनार्दन प्लॉटच्या धंद्यात शिरला, तो माझा नववीतला विद्यार्थी. सगळं झालं तरी हिने परसातली भाजी विकणं सोडलं नाही. काचा काळ्या असलेली अवाढव्य गाडी आमच्या गेटशी थांबायची, ड्रायव्हर मागचं दार उघडायचा, आणि आतून मुळ्याची, माठाची, वालाच्या शेंगांची पाटी घेऊन यमुना उतरायची आणि फुटपाथवर फतकल मारायची. जनूला लाज वाटायची. ती म्हणायची, “गारी त्याची हाय, पाटी माझी हाय.”

पण तिचा खरा मान भाजीचा नव्हता. ती धवलारीण. आगरी लग्नात जी बाई धवले म्हणते, तिच्या गाण्यावर सगळं पुढे सरकतं. हळद कोणी आधी लावायची, पाणी कुठून आणायचं, कोणत्या देवाला कधी हाक मारायची, ते सगळं त्या ओळींत असतं. मी हरेक हळदीला तिच्यासाठी जायची. ती ओळ सुरू करायची आणि मग ती ओळ संपायचीच नाही. वर चढायची, वळायची, मांडवाच्या झालरींमधून फिरून यायची, आणि मध्ये कुठे श्वास घेतलेला कळायचा नाही. माझा एकोणतीसचा पाढा तिच्या एका ओळीत दोनदा बसला असता. मी तिला विचारलं होतं, “यमुने, श्वास घेतेस कधी?” ती म्हणाली, “गाना झाल्यावर.”

त्या चैत्रात तिच्या धाकट्या मुलाचं, हरेशचं लग्न ठरलं होतं. लग्नाला सरकारने ठरवून दिलेली मोजकी माणसं, पण हळदीला आख्खा गाव येणार, ते कोणी लिहून देत नाही आणि कोणी मोजतही नाही. ती रोज भाजी विकून झाली की मास्क हनुवटीवर घेऊन नोटिसांच्या काचेसमोर उभी राहायची. तिला वाचता येत नाही. पण रेघ वर जाते की खाली, हे शेतातल्या बाईला कोण शिकवणार?

“बाई, उतरतंय का?”

“अजून नाही.”

“बरं.”

चार दिवसांनी पुन्हा. “बाई, आज ही हिरवी लावलीव. उतरतंय वाटतं.”

“एका दिवसावरून नाही गं सांगता येत.” असं मी म्हणाले होते, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवा. कारण त्यानंतर माझ्या बाजूने नोंदवण्यासारखं काही नाही.

मग खरोखरच रेघ उतरायला लागली. रोज. सोमवारची गोष्ट नव्हती ही. मंगळवारी उतरली, बुधवारी उतरली, पुढच्या आठवड्यातही उतरली. माझं हिरवं स्केचपेन वाळलं. आणि रिकाम्या बेडचा आकडाही हळूहळू वाढायला लागला होता. मी खाली तिरक्या अक्षरांत लिहिलं, ‘उतार निश्चित.’ निश्चित हा शब्द मी तीस वर्षांत फळ्यावर फक्त भूमितीत लिहिला होता.

त्याच आठवड्यात वनिताचा फोन आला. वनिताही माझीच विद्यार्थिनी, तपासणीच्या तंबूत नमुने घ्यायला बसायची. त्या पोशाखात घामाने भिजायची, म्हणून मधल्या वेळात तो उतरवून मला फोन करायची.

“बाई, आज बघा फोन करायला वेळ मिळालाय. माशा मारतोय आम्ही. कोणी फिरकतच नाही.”

“अगं, मग चांगलंच आहे की.”

“चांगलं?” ती म्हणाली. “शहरातले येतायत थोडे. गावातलं कोणीच नाही. बाई, हे विचित्र नाही वाटत?”

“रोगच उतरलाय गं. माझा आलेख बघ.”

ती “बरं बाई” म्हणाली. नववीतही ती असंच म्हणायची, तिचं उत्तर बरोबर असताना मी चूक म्हटलं की.

किती जणांना तपासलं, तो रकाना यादीत उजवीकडे होता. मी पहिल्या आठवड्यात तो एकदा काढून पाहिला होता. दोन रेघांनी कागद गिजबिजलेला दिसायचा, लोकांना कळायचं नाही, म्हणून सोडून दिला. सौंदर्यासाठी. त्या रकान्यात त्या दोन आठवड्यांत काय चाललं होतं, ते सातवीच्या मुलाने पट्टी न लावता सांगितलं असतं. तपासायला येणारेच आटले होते. आणि ते का आटले, हे तर माझ्या खिडकीतून रोज ऐकू येत होतं. हळदी लागल्या होत्या. घरात एकजण पॉझिटिव्ह निघाला की दारावर कागद लागणार, गल्लीला बांबू आडवा पडणार, पाहुणे परतणार, मांडव उतरणार. म्हणून ज्या ज्या घरी हळद होती, तिथे कोणाला साधी शिंक आली तरी ती पदरात धरून ठेवत होते. मांडव जितके जास्त, तितके तपासणीला जाणारे कमी. जितके कमी, तितकी माझी रेघ खाली. आणि माझी रेघ खाली, म्हणून आणखी मांडव. रोगाने तोंड लपवलं होतं आणि मी हिरव्या शाईने त्याला रस्ता आखून देत होते. इतकं सुरेख वर्तुळ मला कंपासनेसुद्धा कधी जमलं नव्हतं.

शुक्रवारी यमुना पाटी बाजूला ठेवून सरळ वर आली. दारात उभी राहिली. मी आत घेतलं नाही, तेव्हा कोणी घेत नव्हतं. उंबऱ्याच्या आत मी, बाहेर ती.

“बाई, आता सांगा. उतरतंय ना?”

“उतरतंय.”

“मग हलद करू?”

मी चष्मा पुसला. हे मला स्वच्छ आठवतं, कारण तो पुसायची गरज नव्हती. कोणीतरी माझ्या दारात येऊन मला विचारत होतं, आणि मला तो क्षण जरा लांबवायचा होता. मग मी म्हणाले, “कर. बिनधास्त कर.”

बिनधास्त. साबणाने कोथिंबीर धुणारी ही बाई.

“तुमी येनार ना?”

“गुडघा धरलाय गं,” मी म्हणाले.

गुडघा ठणठणीत होता. त्या सकाळीच मी स्टुलावर चढून पंखे पुसले होते. आलेख उतरतोय असं मी सगळ्या पनवेलला सांगितलं होतं आणि स्वतः त्या आलेखावर पाय ठेवायची माझी छाती नव्हती. आजवर मी पुष्कळ मूर्खपणा केलाय, पण या एका वाक्याएवढा किळसवाणा नाही. मूर्खाला निदान माहीत नसतं. माझ्या गुडघ्याला माहीत होतं.

हळद झाली. जनूने मला फोनवर चित्रफीत पाठवली. पिवळ्या हातांची, पिवळ्या गालांची नुसती दाटी, कोणाच्याही तोंडावर काही नाही, मधोमध यमुना, गुलाबी नऊवारी, गळ्यात सोन्याची भरघोस माळ, डोळे मिटून तिची ओळ वर चाललीय. मी आवाज वाढवून ऐकलं. सुंदर म्हणाली होती. सगळ्या बायका तिच्या तोंडाला तोंड लावून ती ओळ झेलत होत्या, धवला तसाच झेलतात. मी त्या चित्रफितीखाली फुलं पाठवली. फोनमधली फुलं, ती कोणाला लागत नाहीत.

पुढे काय झालं ते शहाण्या वाचकाला कळलंच असेल. मला मात्र कळायला दहा दिवस लागले. हळदी आटोपल्या आणि माणसं तपासणीला बाहेर पडली. माझी रेघ कागदाच्या वरच्या कडेला जाऊन टेकली. मी वर दुसरा कागद चिकटवला. पाटणकर म्हणाले, “मॅडम, हे जरा भीतिदायक दिसतंय, थोडं लहान नाही का काढता येणार?” आणि मी, देवा शप्पथ, विचार केला होता की काढता येईल.

जनूचा फोन दुपारी आला. नववीत घाबरला की त्याचा आवाज बारीक व्हायचा, तसाच होता.

“बाई, आयचा ऑक्सिजन उतरलाय. बेड कुठं हाय? तुमच्याकडं यादी असते ना.”

मी यादी पाहिली. रिकामे बेड होते. मी जवळजवळ आनंदाने म्हणाले, “आहेत रे, आहेत. कळंबोलीच्या बाजूला आहेत बघ.” तो तिला घेऊन गेला. तिथे बेड होते, ऑक्सिजनचे नव्हते. यादीत तसं वेगळं लिहिलेलं होतं, मी एकच बेरीज करून सांगितली होती. तो दुसरीकडे गेला. तिथे यादीप्रमाणे खरोखर एक ऑक्सिजनचा बेड रिकामा होता. जनूने मला नंतर सांगितलं, चादर बदलून होईपर्यंत आयला खुर्चीत बसवून ठेवली होती. बेडखाली आधीच्या माणसाच्या चपला होत्या. त्या कोणी उचलल्या नव्हत्या.

रिकाम्या बेडचा आकडा वाढला की मी कागदाच्या कोपऱ्यात छोटं फूल काढायची. बेड कोणत्या वाटेने रिकामा होतो, हा प्रश्न गणिताच्या बाईला पडला नव्हता.

यमुना तीन आठवड्यांनी हॉस्पिटलमधून परत आली. मी तोपर्यंत काचेतला कागद काढून टाकला होता. कोणी विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तिथे टाकी धुण्याची नोटीस लागली आणि लोक तीही तितक्याच भक्तीने वाचू लागले.

ती वाचली, पण गाणं वाचलं नाही. ओळ सुरू होते, चढायला लागते, आणि मध्येच जिन्याची पायरी तुटलेली असावी तशी थांबते. श्वास. मग पुढे. आता धवले तिची भाची म्हणते आणि यमुना तिच्या बाजूला बसून शब्द सांगते. गावात कोणी काही म्हणत नाही. मी हळदीला जाते हल्ली, गुडघा खरोखर धरलेला असतानाही जाते, आणि मागे बसते. पाच वर्षं मी मनात एक वाक्य घोळवत होते, की माझ्यामुळे झालं. ते मी तिला कधी म्हटलं नाही, पण जवळ बाळगलं, दागिन्यासारखं.

तो दागिनाही परवा गेला.

जनूच्या मुलीचं, प्राचीचं लग्न आहे. हळद येत्या बुधवारी. परवा सकाळी यमुना पाटी न घेता आली, आत येऊन बसली, पंख्याखाली, पाय पसरून. चहा प्यायली. मग म्हणाली, “बाई, ती साथ परत आलीय म्हनं. उतरतंय का काय? गावाला काय सांगू?”

मी बशी खाली ठेवली. मी म्हणाले, “यमुने, तू मला विचारतेस? मागच्या वेळी मी सांगितलं म्हणून तू हळद केलीस, आणि...”

तिला हसू फुटलं.

“तुमी सांगितलं म्हनून? अवो, पत्रिका वाटून झाल्या होत्या. बकरं सांगितलं होतं. तुमी नाय म्हनल्या असत्या तरी हलद झालीच असती.”

“मग विचारायला कशाला आलीस?”

“नाव पायजे होतं कुनाचं तरी. गावात भित्री मानसं असतात. त्यांना सांगाया. बाईंनी सांगितलंय म्हनलं की येतात.” तिने पदराने डोळे टिपले. “गावात तुमची ती रेघ कोन बघत होतं?”

पाच वर्षांचा पश्चात्ताप, आणि तोही फुगवून ठेवलेला. आलेख चुकला, हे मी पचवलं होतं. आलेखाची कोणाला गरजच नव्हती, हे मला सुचलं नव्हतं. माझं फक्त नाव वापरलं होतं, आणि ते मी पुसलेल्या चष्म्यातून बघत हौसेने दिलं होतं. त्या नावाने जी भित्री, म्हणजे शहाणी, माणसं मांडवात आली, त्यांच्या घरी काय झालं ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

हसता हसता तिचा श्वास अडकला. ती एका हाताने पलंगाची कड धरून बसली आणि तोंड उघडं ठेवून वाट पाहू लागली. मी पाणी आणलं. ते तिने नुसतं हातात धरलं. श्वास परत यायला वेळ लागला.

“हे घरी दाखवलंस?” मी विचारलं.

“कवाचंच हाय हे. पन चार दिवस जनू खोकतोय, त्यानं मना झोप नाय.”

“जनू खोकतोय?”

“रातभर.”

“तपासलं?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेडी. “आता? बुधवारी हलद हाय, बाई. हलद झाल्यावर जाईल.”

पंखा फिरत होता. ती माझ्यासमोर बसून, अगदी प्रेमाने, आकडा उतरवत होती. पाच वर्षांपूर्वी हा उतार घराघरांत कसा तयार झाला असेल ते मी फक्त ताडलं होतं. आता तो माझ्याच कपात चहा पीत होता.

मी फोन उचलला आणि जनूला लावला.

“जनू, उद्या सकाळी नऊला तयार राहा. वनिता हल्ली लॅबमध्ये असते, तिथे जायचंय.”

“बाई, मी करनारच हाय. हळद झाली की...”

“नऊला. मी रिक्षा घेऊन येते.”

“अवो, पन नवरीचा बाप हाय मी. काय निघालं तर मांडवात कोन बसंल?”

“तुझी आई बसेल. काही निघालं आणि तू बसलास, तर ती नाही बसणार. कळलं का?”

समोर यमुना उठून उभी राहिली होती. “हलद मोडाल तुमी,” ती म्हणाली. शांतपणे म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

“मोडेन,” मी म्हणाले. “आणि गावाला सांग, बाईला रेघ वाचता येत नाही. माझ्या नावाने एवढंच सांग. आणि अहवाल येईपर्यंत तू घरी जायचं नाहीस. इथेच राहायचं.”

“मी?”

“तूच.”

मला वाटलं ती निघून जाईल. ती दारापर्यंत गेलीही. पण जिना तीन मजल्यांचा, लिफ्ट बंद, आणि श्वास अजून पुरता परतलेला नव्हता. ती वळली आणि माझ्याशी एक शब्द न बोलता आतल्या खोलीत गेली.

काल सकाळी जनू रिक्षात माझ्या शेजारी मास्क लावून, खिडकीकडे तोंड करून बसला होता. गळ्यात जाडजूड साखळी, दोन फोन, आणि चेहरा गृहपाठ न केलेल्या मुलाचा. वनिताने त्याला तोंड उघडायला सांगितलं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं.

“काय निघंल, बाई?”

“माहीत नाही,” मी म्हणाले.

तीस वर्षांत हे शब्द मी कुठल्याच विद्यार्थ्यासमोर म्हटले नव्हते. नमुना घ्यायच्या काडीपेक्षा या शब्दांनाच तो जास्त घाबरलेला दिसला. वनिता मास्कच्या वर डोळ्यांनी हसली. तिला बहुधा नववीपासून हे ऐकायचं होतं.

आता दुपार झाली आहे. अहवाल यायचाय. पॉझिटिव्ह निघाला तर उद्याच्या यादीत पनवेलचा आकडा एकाने वाढेल, पाटणकर हात जोडतील, नेऱ्याकडच्या एका मांडवात नवरीच्या बापाची खुर्ची रिकामी राहील आणि ते सगळं गाव माझ्या नावाने खडे फोडेल. फोडू दे. या खेपेला निदान ते खरंच माझ्यामुळे झालेलं असेल.

यमुना परवापासून माझ्याशी बोललेली नाही. जेवली, पण बोलली नाही. आतल्या खोलीचं दार अर्धवट लावलंय. मघापासून ती तिथे प्राचीच्या हळदीचा धवला म्हणून बघते आहे, अगदी खालच्या आवाजात, मला ऐकू जाऊ नये म्हणून. ओळ निघते, चढते, मध्येच तुटते. मग बराच वेळ काही नाही, मी लिहायची थांबते. मग ती जिथे तुटली तिथूनच उचलते आणि पुढे नेते. आता फोन वाजला तरी मी ओळ पुरी होईपर्यंत उचलणार नाही.